मोडलेल्या बँडांतून नवा इंडी रॉक बँड : आधी काय मिटवायचं, मग काय जुळवायचं

(चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खर्जातला

इंडी रॉकमध्ये (मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतंत्रपणे वाढलेलं रॉक) शून्यातून उभे राहिलेले बँड तसे कमीच. बहुतेकदा एक मोडतो, दुसरा मोडतो आणि उरलेली माणसं एकत्र येतात. फुगाझी घ्या. मायनर थ्रेट १९८३ मध्ये संपला, पुढे राइट्स ऑफ स्प्रिंगही मोडला. मग वॉशिंग्टन डीसीतच पहिल्यातला इयन मकाय, दुसऱ्यातले गाय पिचॉटो आणि ब्रेंडन कँटी, आणि या दोन्हींतला नसलेला बेसिस्ट जो लॅली असे चौघे जमले. ल्यूनाचंही तेच. गॅलक्सी ५०० हा बँड १९९१ मध्ये फुटला आणि त्यातल्या डीन वेअरहॅमनं द चिल्सचा बेसिस्ट नि द फीलीजचा ड्रमर गाठला.

चर्चेला एक नमुना धरू. 'अ' बँडमधून ड्रमर आणि बेसिस्ट, 'ब' बँडमधून दोन गिटारवाल्या, त्यातली एक गाणारी. कीबोर्डवाला बाहेरचा. 'अ' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचा, 'ब' अर्धा स्वर खाली. दोन्ही बँडांची रेकॉर्ड झालेली गाणी आहेत, अर्धवट राहिलेल्या चाली आहेत आणि बँड सोडून गेलेली माणसंही आहेत.

आता नाव, जुनी गाणी, ट्यूनिंग, सामान, प्रॅक्टिस, पहिला शो, जे माहीत असेल ते नेमकं लिहा. "मनं जुळली पाहिजेत" छाप प्रतिसाद नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

ताल-बेताल

तुमच्या नमुन्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'अ'ची ड्रम-बेस जोडी आयती मिळतेय. ती फोडू नका. दोन अनोळखी गिटारी चार प्रॅक्टिसमध्ये एकमेकींना वाट करून द्यायला शिकतात. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस एका जागी पडायला महिने लागतात. ऑडिओस्लेव्हमध्ये (२००१) रेज अगेन्स्ट द मशीनचे तिघे वादक जसेच्या तसे आले आणि गायक तेवढा साउंडगार्डनचा, म्हणून तो बँड पहिल्या दिवसापासून घट्ट वाजला.

पण जोडी खरंच जुळलेली आहे का, हे कानावर सोडू नका. मोजा. दोन चॅनलचा इंटरफेस (आवाज कंप्युटरमध्ये घेणारी पेटी) घ्या, एका चॅनलवर किकचा माइक, दुसऱ्यावर बेस थेट. क्लिक (लय धरून देणारी टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात. ९२, ११२, १३२ आणि १५२ बीपीएम (मिनिटाला ठोके), प्रत्येकी दोन मिनिटं, सरळ आठव्याचा ठेका (एका ठोक्यात दोन स्वर). मग स्क्रीनवर दोन्ही लहरी मोठ्या करून प्रत्येक मात्रेच्या (इथे मात्रा म्हणजे बार, चार ठोक्यांचा गट) पहिल्या ठोक्याचं अंतर बघा.

बेस किकच्या १०-१५ मिलिसेकंद मागे पडतोय आणि सतत तेवढाच मागे पडतोय, तर तो दोष नाही, ती त्यांची ढब आहे. राहू द्या. कधी १० पुढे, कधी २५ मागे असं हेलकावत असेल तर मात्र जोडी कच्ची आहे. ३० च्या पुढे गेलं की एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येतात.

'ब'च्या गिटारींची गत वेगळी असते. त्यांच्या जुन्या ड्रमरला कोरसमध्ये पळायची सवय असेल, १३२ चं १३८ होत असेल, तर त्यांचा उजवा हात ते शिकून बसलेला असतो. नवा ड्रमर जागेवर राहतो आणि गिटारी पुढे पळतात. मग सगळे ड्रमरला म्हणतात, "अरे, ढिला पडतोस." तो ढिला नसतो. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो : फक्त हाय-हॅट (ड्रम-सेटमधली पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) आणि दोन गिटारी, तारा तळहातानं दाबून आठव्याचे ठोके, रोज दहा मिनिटं. बाकी काही वाजवायचं नाही.

अवांतर : डिले पेडलमध्ये (प्रतिध्वनी काढणारी पायपेटी) जुन्या गाण्यांच्या वेळा साठवलेल्या असतात. १२० बीपीएमला डॉटेड आठवा (पाऊण ठोका) ३७५ मिलिसेकंद, १३२ ला ३४१. जुना आकडा तसाच राहिला तर पूर्ण बँड बेताल वाटतो आणि खापर पुन्हा ड्रमरवर.

सहावी तार

जोडीबद्दल सहमत, पण जोडी म्हणजे विमा नव्हे. फू फायटर्समध्ये सनी डे रिअल इस्टेटचे बेसिस्ट नेट मेंडेल आणि ड्रमर विल्यम गोल्डस्मिथ जोडीनंच आले होते. १९९७ मध्ये, दुसऱ्या अल्बमचे ड्रम्स गाणी लिहिणाऱ्या, मुळात ड्रमर असलेल्या डेव्ह ग्रोलनं स्वतः पुन्हा वाजवल्यावर गोल्डस्मिथ बाहेर पडला. मेंडेल राहिला. गाणी लिहिणारा स्वतःच ड्रमर असेल तर जोडी कितीही मुरलेली असो, तिसरा हात मध्ये येतोच.

आता ट्यूनिंग. 'अ' ई-मध्ये (नेहमीचं), 'ब' ई-फ्लॅटमध्ये (अर्धा स्वर खाली). "ज्याला जमेल त्यानं बदलावं" असं ठरवलं की कोणीच नीट बदलत नाही. क्रम असा ठेवा :

आधी गाणारीचा पल्ला काढा. सगळ्यात खालचा स्पष्ट स्वर आणि वीस मिनिटं सलग गाऊन गळा न ओढता लागणारा वरचा स्वर, दोन्ही लिहा. कोरसचा सर्वात उंच स्वर त्या मर्यादेच्या एक पूर्ण स्वर खाली हवा. शोमध्ये, दमलेल्या गळ्यानं, पाचव्या गाण्याला तो लागायचा असतो. पट्टी यावरून ठरते. ट्यूनिंग नंतर.

गळ्याला ई-फ्लॅट सोयीचं असेल तर 'अ'च्या बेसिस्टला खाली यावं लागेल. तीच तार अर्धा स्वर उतरवली की ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वर उतरवली की २०-२१ टक्के. ११ टक्के बहुतेक बेस सोसतात. २० ला जाड ई-तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते आणि जोरात मारली की आधी चढी वाजून मग स्वरावर येते. ते अॅम्पमधून लक्षात येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये नागडं पडतं.

गिटारला हिशेब सोपा आहे. १० च्या सेटऐवजी ११ चा (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) लावला की पहिल्या तारेचा ताण सुमारे २१ टक्के वाढतो. म्हणजे पूर्ण स्वर खाली उतरून ११ लावलं तर हाताला १० इतकंच लागतं. पण सेट बदलून काम संपत नाही. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकते आणि बेंड केल्यावर (बाजूला ओढल्यावर) 'टिक' आवाज करून उतरलेली राहते. खाच घासून घ्या, मग नेक रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई). एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि पुढची पाव फेरी देण्याआधी लाकूड बसू द्या. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (वरच्या जागीही स्वर नेमका लागतोय का ते). हा क्रम उलटा केला तर सगळं परत करावं लागतं.

उतरवलेल्या गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की नेहमीचं ट्यूनिंग मिळतं. उलटं होत नाही. म्हणून गोंधळ असेल तेव्हा सगळे खाली या, लागेल तिथे कॅपो चढवा.

एका बँडमधून आलेल्या दोन गिटारींची आणखी एक अडचण : दोघींचे हात त्याच उघड्या कॉर्डवर जातात. सी पट्टीतलं गाणं असेल तर एकीनं उघडा सी वाजवावा, दुसरीनं पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जीचा आकार धरावा. सूर तेच, जागा वेगळी. गाणं एकदम रुंद होतं.

केबलगुंता

वरचं कॅपोचं : +१. पण कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा हो. निम्मे लोक करत नाहीत.

सामानाचं लिहितो. दोन बँडांची पेडलं एका बोर्डावर आली की पहिली तक्रार असते "कुठून तरी चिंईई येतंय". नव्वद टक्के वेळा कारण एकच, एका अडॅप्टरवरून साखळीनं सगळ्यांना वीज. अॅनालॉग ओव्हरड्राइव्हला (आवाज फाटका करणारं पेडल) ५ ते २० मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्ब १०० ते ३०० खातात आणि त्यांच्या आतल्या घड्याळाचा आवाज साखळीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो. तिथे तो गेनसकट वाढतो. डिजिटल पेडलांना आयसोलेटेड (प्रत्येकाला वेगळं, एकमेकांपासून तोडलेलं) आउटपुट द्या, अॅनालॉगची साखळी चालेल. सगळ्या पेडलांच्या पाठीवरचे आकडे बेरजेत मांडा आणि सप्लायची क्षमता त्याच्या किमान सव्वापट ठेवा.

बहुतेक पेडलं ९ व्होल्ट, मधला टोक ऋण. पण जुन्या फझमध्ये (खरखरीत आवाजाचं पेडल) उलटं सापडतं. तसला अडॅप्टर दुसऱ्या बोर्डात मिसळला की एक पेडल मेलंच समजा. उलट्या पोलॅरिटीच्या वायरीला लाल टेप, हा नियम पहिल्याच दिवशी.

ट्यूब अॅम्पचं जपून. स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ८ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की ४ ओहम होतात, तेव्हा अॅम्पचा बटण ४ वर हवा. आणि अॅम्प-हेड ते कॅबिनेट गिटारची केबल वापरू नका. दिसायला जॅक तोच, आतली तार बारीक, ती तापते.

वॉटवरून भांडणं होतात. वॉट दुप्पट झाले म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढले. १५ वॉटवाली 'मी ऐकूच येत नाही' म्हणते तेव्हा तिचा अॅम्प जमिनीवर असतो आणि गुडघ्यांना ऐकवत असतो. खुर्चीवर ठेवा, तिरका करा, कानाकडे तोंड. बरेचदा आवाज कमी करायची पाळी येते.

खोली गढूळ वाटत असेल तर बेसला हात लावू नका, गिटारींचं खालचं कापा. बेसची उघडी ई ४१ हर्ट्‌झला, गिटारची ८२ ला. दोन्ही गिटारी आणि कीबोर्डचा डावा हात १०० च्या खालून काढलात की बेस आपोआप ऐकू येतो. कीबोर्डवाला बाहेरचा आहे म्हणालात. बहुधा एकट्यानं वाजवायची सवय असलेला. एकट्यात डावा हात लागतोच, बँडमध्ये तो बेसिस्टच्या पायावर पाय. पहिला महिना डावा हात खिशात.

कान : अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. बंद खोलीतली रॉक प्रॅक्टिस १०० च्या आसपास सहज जाते आणि तुम्ही तीन तास बसणार. इअरप्लग घाला. ड्रमरनं आधी.

गाणारी_नाही

डावा हात खिशात 😄 हे कीबोर्डवाल्याला सांगणार कोण?

दस्तऐवजी

गंमत पुरे, कागदांकडे वळू. हे पहिल्या प्रॅक्टिसच्या आधीच करायचं असतं आणि कोणीही करत नाही.

गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात : चाल आणि शब्दांवर एक, रेकॉर्डिंगवर दुसरा. 'ब'चं जुनं गाणं नव्या बँडनं नव्यानं वाजवून रेकॉर्ड केलं तर रेकॉर्डिंग तुमचं, पण चाल-शब्द ज्यांनी केले त्यांचेच. त्यात 'ब'चा आता नसलेला ड्रमर लेखक म्हणून असेल तर त्याचा वाटा नव्या रेकॉर्डिंगच्या लेखन-मानधनातही आला. आयएसआरसी (इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड) हा १२ अक्षरी कोड रेकॉर्डिंगला चिकटलेला असतो, गाण्याला नाही. नवं रेकॉर्डिंग म्हणजे नवा कोड. जुना कोड पुन्हा वापरला की दोन्हींची मोजणी एकात मिसळते आणि निस्तरायला वितरकाच्या मागे लागावं लागतं.

खरी कटकट प्रकाशित गाण्यांची नसते. ती असते अर्धवट चालींची. एखादी रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) 'ब'च्या प्रॅक्टिसमध्ये पाच जणांनी मिळून घडवलेली, फोनवर रेकॉर्ड झालेली, आणि आज तिच्यावर नवं गाणं उभं राहतंय. त्यासाठी एक तक्ता करा, तीनच रकाने : चाल कोणती, त्या वेळी खोलीत कोण होतं, आता त्यांचं काय म्हणणं आहे. तिसरा रकाना रिकामा असलेली चाल घ्यायची नाही. एक साधा लेखी निरोप, "ही चाल वापरतोय, तुझं नाव आणि अमुक टक्के", आणि त्याला "चालेल" असं उत्तर, एवढ्यानं पुढचे बरेच वाद टळतात.

नव्या गाण्यांना विभागणीचा कागद ज्या रात्री गाणं पुरं झालं त्याच रात्री. गाण्याचं नाव, प्रत्येकाचं काम, टक्के (बेरीज १००), तारीख, सह्या. पाच जणांत सरसकट २०-२० करायचं की कामाप्रमाणे, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण गाणं चालल्यावर ठरवू नका. माझं मत विचाराल तर नव्या बँडला सरसकट बरं. कामाप्रमाणे वाटणी असली की ड्रमर मुद्दाम कोरसचे शब्द सुचवायला लागतो.

नाव. जॉय डिव्हिजनच्या मंडळींनी आधीच ठरवून ठेवलं होतं की एक जण गेला तरी नाव सोडायचं. १९८० मध्ये गायक इयन कर्टिस वारला आणि उरलेले न्यू ऑर्डर झाले, वाद नाही. अंकल टुपेलो १९९४ मध्ये फुटला तेव्हा एका बाजूला सन व्होल्ट, दुसऱ्या बाजूला विल्को. जुनं नाव दोघांनीही घेतलं नाही. तुमच्या करारात हे एक वाक्य हवंच : कोणी बाहेर पडलं तर नाव कोणाकडे. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवताना मनोरंजन सेवेसाठी वर्ग ४१, रेकॉर्डिंगसाठी ९, टी-शर्टसाठी २५. टी-शर्ट विकणार असाल तर शेवटचा विसरू नका.

शिवाय जुन्या सामानाची यादी. 'अ'चा मिक्सर पाच जणांनी वर्गणीतून घेतलेला, त्यातले दोघेच नव्या बँडात. तो मिक्सर नव्या बँडचा नाही. विकत घ्या नाहीतर भाड्यानं घ्या. 'वापरू तसाच' नको.

खर्जातला

दस्तऐवजी, तक्त्याची कल्पना झकास. आता मतभेदाचा मुद्दा : जुनी गाणी वाजवायची की नाही?

ताल-बेताल

नाही. निदान पहिल्या आठ प्रॅक्टिस तरी नाही. जुनं गाणं आणलं की पाचातले दोघे शिक्षक होतात आणि तिघे विद्यार्थी. "तिथे असं नव्हतं" हे वाक्य एकदा सुरू झालं की थांबत नाही.

सहावी तार

एवढं कडक नको. न्यू ऑर्डरचं पहिलं सिंगल (१९८१) जॉय डिव्हिजनच्या काळात रचलेलं गाणंच होतं. पूल म्हणून एखादं जुनं गाणं कामाला येतं.

पण तसंच्या तसं नको. 'अ' आणि 'ब' दोन्हींतून एकेक घ्या, म्हणजे शिक्षक-विद्यार्थी आलटून पालटून. आणि तीन गोष्टींपैकी किमान दोन बदला : पट्टी, लय, आणि गाणं कोणत्या वाद्यानं सुरू होतं ते. १४४ चं गाणं ११० वर आणा आणि बेसनं सुरू करा. दहा मिनिटांत कळतं की चालीत दम होता की नुसता वेग होता.

ताल-बेताल

मान्य, दोन बदलायच्या अटीवर. शिक्षकी मोडते त्यानं.

प्रॅक्टिसबद्दल. तीन तासांची असेल तर पहिली २० मिनिटं मांडामांड, १० मिनिटं नुसती लय. मग सव्वा तास एकच गाणं. दहा मिनिटं बाहेर. उरलेल्या वेळात मागचं गाणं दोनदा, आणि शेवटची वीस मिनिटं ऐकणं, त्या वेळी हातात वाद्य नाही. फोन खोलीच्या कोपऱ्यात नको, तिथे बेस फुगतो. डोक्याच्या उंचीवर, ड्रम्सपासून शक्य तितका लांब. फाइलला तारीख-गाणं-कितवी खेप असं नाव द्या. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' मधलं सोनं कोणालाही सापडत नाही.

नव्या बँडचा ठरलेला दोष : सगळे सगळीकडे वाजवतात. प्रत्येकाला वाटतं आपण दिसलो पाहिजे. आठ मात्रांचा एक कोरस घ्या आणि असं करून बघा. पहिल्या दोन मात्रा फक्त ड्रम्स, बेस आणि गळा. बेस मूळ स्वरावर सरळ आठवे. तिसऱ्या मात्रेला पहिली गिटार, दर मात्रेला एकच कॉर्ड, पहिल्या ठोक्यावर मारून सोडून द्यायची. पाचव्याला दुसरी गिटार वरच्या जागेत, दोन तारांवर. सातव्याला ड्रमर हॅट उघडतो आणि कीबोर्ड एकच लांब स्वर धरतो. आठवीच्या शेवटच्या दोन ठोक्यांत सगळे गप्प, फक्त गळा. एक स्वरही जास्त वाजवला नाही, तरी तो कोरस वाढत गेल्यासारखा वाटतो. शेवटची शांतता पहिल्या चार-पाच वेळा कोणीतरी हमखास मोडतो. बहुधा गिटार. तार हातानं दाबायची राहते.

मॉनिटरमागे

पहिल्या शोचं माझ्याकडून, मिक्सरच्या या बाजूनं.

तीस मिनिटांचा वेळ मिळाला तर संगीत २४ मिनिटांचं तयार ठेवा, सहा गाणी. उरलेलं बोलणं, ट्यूनिंग, एखादी तुटलेली तार यात जातं. ट्यूनिंग बदल संपूर्ण सेटमध्ये एकदाच, मध्यावर. त्या वेळी कीबोर्ड आणि बेसनं पुढच्या गाण्याची सुरुवात धरून ठेवायची, शांतता नको.

चॅनल-यादी आधी पाठवा. तुमच्या नमुन्याला : किक, स्नेअर, हॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रम्सवर टांगलेले माइक), बेस थेट, दोन गिटार, कीबोर्ड दोन, गळे तीन. झाले १५. छोट्या जागी १६ चॅनलचा मिक्सर असेल तर बसतं. १२ चा असेल तर हॅट जाऊ द्या, कीबोर्ड मोनो करा, एक ओव्हरहेड काढा. हे तुम्ही आधीच ठरवून लिहिलंत तर साउंडवाला तुमच्यावर खूश. यादीसोबत एक कागद : कोण कुठे उभा, वीज कुठे हवी, कोणाला मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) कोण ऐकू यायला हवं.

इथे जुन्या बँडांची सवय आडवी येते. दोन बँडांच्या दोन मांडण्या. 'ब'च्या दोघी शेजारी उभ्या राहायच्या, म्हणून इथेही राहतात, आणि ड्रमरला दोघी एकाच कानात. एक डावीकडे, एक उजवीकडे. बेसिस्ट हॅटच्या बाजूला, ड्रमरचा पाय दिसेल असा.

ड्रम-सेट तिथला वापरायचा असेल तरी स्नेअर, किकचं पेडल, सिंबल आणि शक्य तर स्टूल आपापलं. पेडलबोर्डावर शेवटच्या नॉबच्या जागा पांढऱ्या टेपवर रेघेनं खुणावून ठेवा, गाडीत ते सगळे फिरतात.

पोस्टरवर 'अमुक बँडमधले' असं लिहायचं का, हे नेहमी विचारतात. लिहिलंत तर पहिल्या शोला माणसं येतात आणि तिसऱ्या गाण्यानंतर जुनी गाणी मागतात. माझ्या मते जागा देणाऱ्याला पाठवायच्या ओळखीत लिहा, पोस्टरवर नको.

गाणारी_नाही

स्ट्रीमिंगवर जुन्या बँडच्याच पानावर नवं गाणं टाकलं तर? ऐकणारे आयते मिळतील.

दस्तऐवजी

मिळतील, आणि गेलेल्या सभासदाचा आक्षेपही मिळेल. पान जुन्या नावाचं, म्हणून त्यावर काय यावं यात त्याचाही शब्द. नवं पान करा. जुन्या पानाच्या ओळखीत एक ओळ टाकायची परवानगी दोन्ही बँडांच्या सगळ्यांकडून मागा. आणि नाव पक्कं करण्याआधी त्याच नावाचा दुसरा कलाकार आहे का ते सगळ्या मोठ्या सेवांवर शोधा, स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हांनी. एकाच नावाचे दोन असले की गाणी एकमेकांच्या पानावर जाऊन पडतात.

केबलगुंता

एक दुरुस्ती माझ्याच प्रतिसादात : सप्लायची सव्वापट क्षमता ही बेरीज नव्हे, प्रत्येक आउटपुटची वेगवेगळी बघा. एकूण १००० मिलिअँपिअर लिहिलेल्या सप्लायचं एकेक आउटपुट १०० चंच असू शकतं, आणि ३०० खाणारा रिव्हर्ब त्यावर चालू होतो, दोन मिनिटं वाजतो आणि मग गाण्याच्या मध्ये बंद पडतो.